पंखा फिरतो, पण गाडीला कळत नाही

सकाळी पावणेसात

एप्रिलचा शेवटचा आठवडा म्हणजे सोलापुरात गॅरेजचं काम उलट्या घड्याळाने चालतं. जे काम बॉनेटमध्ये डोकं घालून करायचं ते सकाळीच उरकायचं. अकरानंतर पत्र्याचं शेड भाजायला लागतं आणि उन्हात विसरलेला पाना उचलताना हाताला चटका बसतो. आमचं गॅरेज अक्कलकोट रोडला, एमआयडीसीच्या अलीकडे. शेजारच्या कारखान्यात टॉवेलचे माग दिवसरात्र चालू असतात. त्या खडखडाटात इंजिनचा आवाज ऐकायचा म्हणजे कान तयार लागतो.

हाताखालचा पोरगा विडी घरकुलातून सायकलवर येतो. आल्या आल्या झाडू, मग उदबत्ती, मग पाण्याचा ड्रम किती भरलाय ते बघणं. नळाला रोज पाणी नसतं, त्यामुळे ड्रमचा हिशोब बॅटरीच्या हिशोबाइतकाच महत्त्वाचा.

आजची मोठी गाडी कालच संध्याकाळी येऊन थांबली आहे. नान्नजच्या एका द्राक्ष बागायतदाराची डिझेल एसयूव्ही, ऑटोमॅटिक गिअरची. कंपनीचं नाव घेत नाही. तक्रार अशी, की सपाटीला गाडी झकास, पण तुळजापूरचा घाट चढायला लागली की एसी बंद पडतो आणि चेक लाइट लागतो. काटा लाल रेघेला मात्र कधीच गेलेला नाही. एका ठिकाणी स्कॅनर लावून 'फॅनचा स्पीड सेन्सर गेला' असं त्यांना सांगितलं होतं. या गाडीत तो सेन्सर सुटा मिळत नाही. पंख्याचा अख्खा क्लच घ्यावा लागतो आणि त्याची किंमत पाच आकडी.

"मिस्त्री, एवढ्यात माझ्या बागेला शेणखताच्या चार ट्रॉल्या येतात," मालक काल म्हणाले. "तेच गेलंय का, तेवढं नक्की करा. मग घालू पैसे."

गाडी रात्रभर ठेवून घेतली ती उगाच नाही. किल्ली ऑन, इंजिन बंद, स्कॅनरवर कूलंटचं तापमान २८, आत जाणाऱ्या हवेचं २८ आणि शेडच्या खांबावरचा थर्मामीटर २७. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत हे तिन्ही आकडे एकमेकांना धरून असले पाहिजेत. कूलंटच्या सेन्सरमधला मणी थंड असताना जास्त रोध दाखवतो आणि तापत गेला की रोध उतरत जातो. नेहमीच्या प्रकारात २० अंशाला अडीच हजार ओहमच्या आसपास आणि १०० अंशाला दोनशेच्याही खाली. हाच चुकीचं सांगत असेल तर पंखा बिचारा काय करणार? पण हा खरं सांगतोय. एक संशयित कमी झाला. ही तपासणी गरम गाडीवर करता येत नाही आणि गिऱ्हाईक गाडी आणतं ती गरमच.

साडेसात

स्टार्टर मारला आणि पंखा विमानासारखा घोंघावला. पोरगा दचकून मागे सरला.

"अण्णा, थंड गाडीला पंखा फुल कशाला?"

चांगला प्रश्न. या पंख्याला स्वतःची मोटर नसते. तो इंजिनच्या जोरावर फिरतो, पण मध्ये क्लच असतो आणि क्लचच्या पोटात घट्ट सिलिकॉनचं तेल. हे तेल एका कप्प्यातून दुसऱ्या कप्प्यात सोडलं की पंखा इंजिनला धरतो, परत ओढून घेतलं की पंखा नुसता हलका फिरत राहतो. रात्रभर गाडी उभी राहिली की तेल खाली उतरून बसतं, म्हणून सकाळी पहिला अर्धा-एक मिनिट पंखा जोरात असतो आणि मग आपोआप मंदावतो. तसाच मंदावला. म्हणजे क्लच धरतोही आहे आणि सोडतोही आहे.

जुन्या गाड्यांत हा तेलाचा दरवाजा पत्र्याची एक गुंडाळी उघडायची. रेडिएटरमधून येणारी हवा तापली की गुंडाळी पिळायची आणि दरवाजा उघडायचा. ना वायर, ना सेन्सर. आताच्या गाडीत तो दरवाजा ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारं कंट्रोल युनिट, चुंबकाने उघडतं, आणि आपण हुकूम दिला तो पाळला गेला की नाही हे बघायला पंख्याचे फेरे मोजतं. मोजणारा तो हॉल सेन्सर. चुंबक समोरून गेला की त्याचा सिग्नल खाली-वर होतो. १८७९ साली एडविन हॉल नावाच्या अमेरिकन माणसाने हा परिणाम शोधला, तेव्हा आजच्यासारखी मोटारगाडी रस्त्यावर नव्हती.

साडेआठ

आता कोड. भारतात दुसऱ्या टप्प्याची ओबीडी, म्हणजे गाडीने स्वतःचा बिघाड ओळखून कोड नोंदवायची सोय, २०१३ पासून गाड्यांना सक्तीची झाली, तेव्हापासून स्कॅनर प्रत्येक गल्लीत आला. त्याचं सुखही आहे आणि तापही. ताप असा, की स्क्रीनवर ज्या पार्टचं नाव येतं तोच पार्ट बदलायची सवय लागली. स्कॅनर ईसीयूची तक्रार वाचून दाखवतो. पोलीस ठाण्यात फिर्याद नोंदवली म्हणून कुणी गुन्हेगार ठरत नाही, तसंच हे.

पंख्याच्या स्पीड सेन्सरचे चार कोड शेजारी शेजारी आहेत. पी ०५२६ म्हणजे सर्किटमध्ये बिघाड. ०५२७ म्हणजे आकडा येतो, पण तो पटण्यासारखा नाही. ०५२८ म्हणजे सिग्नलच नाही. ०५२९ म्हणजे सिग्नल अधूनमधून जातो. आमच्या गाडीत शेवटचा निघाला, ०५२९. मेलेला सेन्सर अधूनमधून जिवंत होत नाही, असं अगदी नाही, तापला की बंद पडणारे सेन्सर असतात. पण 'अधूनमधून' दिसलं की माझा हात आधी वायरिंगकडे जातो.

त्याच कोडसोबत ईसीयूने त्या क्षणाची नोंद ठेवली होती. कूलंट ९९, गाडीचा वेग ३४, इंजिन २३००, लोड भरपूर. म्हणजे चढ, कमी वेग, इंजिन जोर लावतंय. घाटच तो.

एसी का बंद पडतो तेही यातच आहे. एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढ्यात बसलेला असतो. त्याची सगळी उष्णता रेडिएटरच्या अंगावर येते. पंखा फिरतोय की नाही हे ईसीयूला कळेनासं झालं की ते आधी एसीचं ओझं उतरवतं आणि इंजिन वाचवतं. मालकांच्या घरच्यांना उकडलं खरं, पण गाडी शहाणपणाने वागत होती.

साडेनऊ

चहा आला तसं एक छोटं काम आलं. हॅचबॅक, ट्रॅफिकमध्ये एसी गार करत नाही आणि पंखा एकदम धाडकन सुरू होतो. या गाडीत दोन स्पीडचा इलेक्ट्रिक पंखा. हळू स्पीड एका रेझिस्टरमधून जातो, तो जळला की पंखा बसून राहतो, आणि पाणी पुरतं तापून वरच्या स्पीडचा रिले लागला की एकदम उठतो. पोऱ्याने वायरींचा कपलर काढून मीटर लावला, रेझिस्टर ओपन, म्हणजे आतून तुटलेला. नवीन टाकला. त्याला एकच गोष्ट पुन्हा सांगितली, की इलेक्ट्रिक पंख्यात हात घालायच्या आधी त्याचा कपलर काढायचा. किल्ली काढलेली असली तरी काही गाड्यांत पंखा मनात येईल तेव्हा सुरू होतो, आणि बोटं परत उगवत नाहीत.

मग दोन बॅटऱ्या, एका रिक्षाचा हॉर्न. यात सांगण्यासारखं काही नाही.

साडेदहा

एसयूव्हीकडे परत. क्लचच्या कपलरला पाच वायरी. दोन चुंबकाच्या, तीन सेन्सरच्या. सेन्सरच्या तीन म्हणजे पाच व्होल्टचा सप्लाय, अर्थ आणि सिग्नल. कपलर न काढता मागून बारीक पिना सरकवून मोजलं. सप्लाय ५.०२, अर्थला जवळजवळ शून्य. किल्ली ऑन ठेवून, इंजिन बंद असतानाच, पंखा हाताने सावकाश फिरवायला लावला. सिग्नल वायरवर मीटर पाच, शून्य, पाच, शून्य. सेन्सर मोजतोय.

इथे पुष्कळ जण थांबतात आणि 'सगळं ओके आहे, मग सेन्सरच' असं म्हणून मोकळे होतात. उभ्या गाडीत सगळं ओके असणारच. मालक घाटात अडकतात, माझ्या शेडमध्ये नाही.

आणखी एक तपासणी केली, मला ती आवडते. पंख्याच्या एका पात्याला चांदीच्या कागदाचा तुकडा चिकटवला, इंजिन चालू करून लेझरच्या टॅकोमीटरने फेरे मोजले आणि स्कॅनरवरच्या आकड्याशी ताडून पाहिले. टॅकोमीटर ११८०, स्कॅनर ११७६. याहून प्रामाणिक सेन्सर कुठला? हे करताना पात्याच्या रेषेत उभं राहायचं नाही आणि शर्टाची बाही सैल ठेवायची नाही. पोऱ्या जवळ यायला लागला तसा ओरडलो, "लांब हो बे!"

साडेअकरा

ऊन आणखी चढायच्या आत शेवटचा डाव. घाट शेडमध्ये आणायचा.

माझ्याकडे हातात मावणारा एक स्कोप आहे, दोन चॅनेलचा. मीटर एका वेळी एक आकडा दाखवतो, स्कोप रेघ काढतो, त्यामुळे पापणी लवायच्या आत घडलेलंही दिसतं. एक पीन सिग्नलला, दुसरी त्याच कपलरवर सप्लायला. इंजिन चालू केलं. स्क्रीनवर सिग्नलच्या चौकोनी लाटा, एका मापाच्या, एकसारख्या. त्यांच्या वर सप्लायची सरळ रेघ, पाचला.

वायर हलवली, कपलर पिळला, हार्नेस दाबला. लाटा हलायला तयार नाहीत.

मग चारही चाकांना दगड लावले, हँडब्रेक ओढला, गाडीच्या पुढे-मागे कुणी नाही हे पाहिलं. पोऱ्याला स्कोपवर डोळा ठेवायला बाजूला उभं केलं आणि मी स्टिअरिंगवर बसलो. पायाने ब्रेक घट्ट दाबून गिअर डी-मध्ये टाकला आणि दुसऱ्या पायाने जरा रेस दिली. असं काही सेकंदच करायचं, गिअरबॉक्सचं तेल फार लवकर तापतं. पण तेवढ्यात इंजिन आपल्या रबरी माउंटिंगवर एका अंगाला कलतं, जसं चढावर जोर लावताना कलतं.

"अण्णा, गेली! गेली!"

सोडलं. "आली!" परत रेस. "गेली!"

उतरून स्कोपमध्ये साठवलेली रेघ पाहिली. सिग्नलच्या लाटा मध्येच थांबून रेघ वर, पाचला चिकटली होती. आणि नेमक्या त्याच क्षणी सप्लायची रेघ पाचवरून खाली कोसळली होती. म्हणजे सेन्सर बोलायचा थांबला, कारण त्याचाच करंट तुटला. तोंड उघडायला पाच व्होल्ट लागतात, तेच मिळेनात. सिग्नल मात्र वर राहतो, कारण त्या वायरला ईसीयू आतूनच पाच व्होल्टने ओढून धरतं. हा जोडीचा खेळ एका चॅनेलवर दिसला नसता. नुसता सिग्नल पाहिला असता तर मीही सेन्सरवरच शंका घेतली असती.

करंट कपलरच्या आधीच तुटतोय, म्हणजे दोष गाडीच्या हार्नेसमध्ये. बोटांनी वायर चाचपत गेलो. कपलरपासून वीतभर अंतरावर, पंख्याभोवतीच्या प्लॅस्टिकच्या कड्याला हार्नेस एका काळ्या केबल टायने करकचून बांधलेला. पूर्वी कधीतरी रेडिएटर काढून बसवताना कुणीतरी 'लोंबकळत होतं' म्हणून आवळला असणार. तो लोंबता भाग मुद्दाम ठेवलेला असतो. कपलर इंजिनला बसवलेला, कडं बॉडीला. इंजिन हलणार, बॉडी हलणार नाही. दोघांच्या मध्ये वायरला ढील हवी. टायने ती ढील खाल्ली, आणि प्रत्येक चढावर इंजिनाने वायर ओढली.

टाय कापून सप्लायची वायर चिमटीत धरून वाकवली. इन्सुलेशन वरून अखंड. पण आखडलेल्या जागी वायर ताठपणा सोडून मरगळल्यासारखी दुमडली. तिथे ब्लेड लावलं. आतली तांब्याची एकूण एक तार तुटलेली, टोकं हिरवट पडलेली. उभ्या गाडीत ही टोकं एकमेकांना टेकायची आणि मीटर ५.०२ दाखवायचा.

मालकांना फोन लावला. ते बागेत होते, खरड छाटणी चालू.

"क्लच मागवू नका."

"मग काय गेलंय?"

"वायर."

"आणि सेन्सर?"

"तो तर बिचारा खरंच बोलत होता."

दुपारी एक ते साडेतीन

पारा बेचाळीसच्या आसपास. डबा उघडला, कडक भाकरी, शेंगाचटणी, दही. बाहेरगावच्या लोकांना ही भाकरी पापडासारखी मोडताना गंमत वाटते. आम्हाला ती उन्हाळ्यात टिकते म्हणून प्यारी.

जोडकाम सावलीत. तुटका तुकडा काढून त्याच जाडीची, इंजिनची उष्णता सोसणारी वायर घातली. नुसती पिळून टेप मारायचं काम माझ्या शेडमध्ये होत नाही. दोन्ही टोकांना सोल्डर, वर आतून डिंक असलेली स्लिव्ह तापवून आवळली, आणि शेजारच्या दोन वायरींचीही तीच जागा उघडून पाहिली. त्यातली अर्थची वायर अर्धी तुटलेली निघाली. ती जोडली नसती तर मालक दिवाळीत परत आले असते. जोड एकाच ठिकाणी न ठेवता मागे-पुढे ठेवले, म्हणजे हार्नेसला गाठ येत नाही. वर कापडी टेप. मग हार्नेस इंजिनच्या बाजूच्या क्लिपमध्ये, जिथे तो मुळात होता तिथे बसवला, ढील ठेवून. माउंटिंगची रबरं पाहिली, ठीक आहेत. कोड पुसला.

ब्रेक दाबून पुन्हा तीच रेस दिली. दोन्ही रेघा जागच्या हलल्या नाहीत.

या वेळात पोऱ्या पाय पसरून झोपला. उठवलं नाही.

साडेचार

शेडमधला घाट हा शेवटी नकली. मालक जीपने आले, म्हटलं चला, खऱ्या घाटात जाऊ. मार्केट यार्डावरून जुना तुळजापूर नाका आणि पुढे तुळजापूर रोड. मालक स्टिअरिंगवर, मी शेजारी स्कॅनर मांडीवर घेऊन, एसी फुल. तामलवाडीपर्यंत कूलंट ९० ते ९३. पंख्याला ईसीयूचा हुकूम अगदी नावापुरता, कारण गाडी पळत असली की समोरची हवाच काम भागवते.

चढ लागला. ९५, ९७. ईसीयूने हुकूम वाढवला. पंख्याचे फेरे लगेच वाढत नाहीत, तेल कप्प्यात भरायला दहा-पंधरा सेकंद जातात, आणि तेवढा वेळ हुकूम एक आणि पंखा भलताच असं चित्र दिसतं. नवख्या माणसाला इथेच दोष सापडल्यासारखा वाटतो. मग आकडा चढायला लागला, बॉनेटखालून घोंघावणं ऐकू आलं. ९९ वरून कूलंट परत ९६. सिग्नल एकदाही तुटला नाही. एसी चालू.

"आलोच आहोत तर आईचं दर्शन घेऊन जाऊ," मालक म्हणाले.

"रांगेत उभे राहिलो तर गॅरेज उद्या उघडावं लागेल."

"मग कळसाला हात जोडू." वर जाऊन गाडी वळवायच्या आधी जोडले.

उताराला एक गोष्ट त्यांना विचारली. कूलंटच्या बाटलीत काठाला पांढरा थर दिसला होता. कुठलं पाणी घालता? "बोअरचं. विहिरीपेक्षा स्वच्छ असतं की." दिसायला स्वच्छ, पण आमच्या भागातल्या बोअरच्या पाण्यात क्षार दाबून. बादलीत, गिझरमध्ये, ठिबकच्या नळ्यांत जो थर बसतो तोच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. ठिबकच्या नळ्या ॲसिडने धुता, रेडिएटरला कोण धुणार? हे बागायतदाराला एका वाक्यात पटलं. शिवाय नुसत्या पाण्याला १०० अंशाचं बंधन. झाकणाच्या दाबाखाली ते वर सरकतं, आणि निम्मं कूलंट असलं तर आणखी. घाटात उपयोगी पडते ती हीच वरची जागा.

साडेसात

बिलात मी 'तपासणी' वेगळी लिहितो आणि 'जोडकाम' वेगळं. जोडकामाचा आकडा किरकोळ, तपासणीचा त्याच्या कितीतरी पट. पूर्वी सगळं एकत्र लिहायचो, तर लोक म्हणायचे, एका वायरचे एवढे? आता वाद होत नाही. मालकांनी वाचलं आणि खिशात हात घातला.

"ज्याने तो क्लच सांगितला होता, त्याला काय सांगू?"

"सांगा, नको म्हणून. आणि स्कोपमधली रेघ मोबाईलवर पाठवतो, ती दाखवा. त्यालाही पुढच्या गाडीला उपयोग होईल."

छाटणी उरकली की गाडी कूलंट बदलायला आणायची ठरलं. त्यांना म्हटलं, डिस्टिल्ड वॉटर मी आणून ठेवतो, तुम्ही फक्त बोअरचा कॅन डिकीतून काढा. पोऱ्याने डिकी उघडून तो कॅन तेवढ्यातच बाहेर काढला आणि आमच्या ड्रममध्ये रिकामा केला.